भंगारातले ३०० ॲम्पिअरचे आयजीबीटी मॉड्यूल: घ्यावेत का? (वाळूज रोडचं दुकान, ऑनलाइन माल आणि घरी बांधलेला ब्रिज)

निकाल आधी देऊन टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं एवढंच वाचून जावं. छत्रपती संभाजीनगरात वाळूजच्या रस्त्याला कंपन्यांचं इलेक्ट्रिकल भंगार घेणारी जी दुकानं आहेत त्यातल्या एका दुकानातून जुन्या ड्राइव्हमधून (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्रातून) काढलेले आयजीबीटी मॉड्यूल, म्हणजे मोठा करंट झटपट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, घेतले, त्याच्यावर घरीच फुल ब्रिज (डीसीचा वेगवान एसी करणारं चार स्विचचं सर्किट) बांधला आणि आता जालन्याला आमच्या वर्कशॉपात त्याच ब्रिजवर इंडक्शन हीटर चालतोय. त्या दुकानाला पाचपैकी साडेचार. ऑनलाइन मागवलेल्या 'एकदम नवीन' मॉड्यूलला शून्य. आणि ऑनलाइनच घेतलेल्या ड्रायव्हर कार्डाला (मॉड्यूलला चालू-बंदचा सिग्नल देणारं कार्ड) दोन, ते पण पीसीबी जाड होती म्हणून.

आता सविस्तर. आमच्या शेजारी शेती अवजारांचं काम चालतं, वखराच्या पासा (लोखंडी पाती), कुऱ्हाडी, विळे, सगळं कोळशाच्या भट्टीवर. पासेची धार तापवायची, ठोकायची, पाणी द्यायचं, आणि कोळसा दिवसेंदिवस महाग होत चाललाय. त्यांनी विचारलं की भाऊ तुम्ही वेल्डिंग मशीन आणि ड्राइव्ह दुरुस्त करता, तर करंटवर लोखंड लाल करायचं काहीतरी बनवून द्या ना. बाजारात ४८ व्होल्टवर चालणारे १००० वॉटचे तयार बोर्ड मिळतात, बोल्ट लाल करून व्हिडिओ काढायला चांगले आहेत, पण पासेसारखा रुंद पत्रा त्याच्यासमोर धरला की ते धापा टाकतात. दुसरीकडं जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात टनावारी भंगार इंडक्शन फर्नेसमध्ये वितळतं, तिथं एससीआर (आयजीबीटीपेक्षा हळू चालणारे स्विच) असतात आणि फ्रिक्वेन्सी काही शे हर्ट्झ. पातळ पात्याला ती फ्रिक्वेन्सी चालत नाही, पातळ वस्तू तापवायला फ्रिक्वेन्सी वर न्यावी लागते, आपल्याला २० ते २५ किलोहर्ट्झ पाहिजे होतं. म्हणजे आयजीबीटीचा ब्रिज, घरच्या २३० व्होल्टवर ३ किलोवॉट, आणि पुढं थ्री फेजवर नेता येईल असा. २३० रेक्टिफाय केलं की ३२५ व्होल्ट डीसी होतं, ४१५ चं होतं ५८७, म्हणून १२०० व्होल्टचाच माल शोधायचा हे पक्कं होतं. ६०० वाला थ्री फेजला एका क्षणात जाईल.

दुकानाचं सांगतो. बाहेरून बघितलं तर मोटारींचे सांगाडे आणि केबलचे गुंडाळे, आत गेलं की डाव्या हाताला लोखंडी रॅक आणि त्याच्यात प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मॉड्यूल, डायोड ब्रिज, मोठे कपॅसिटर, हीटसिंक. मला दुकान आवडलं ते एका बारीक गोष्टीवरून. प्रत्येक मॉड्यूलच्या गेट आणि एमिटरच्या पिनांना केसाएवढी तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली होती. (मोठा करंट कलेक्टरकडून एमिटरकडं जातो, त्याला चालू-बंद करणारी पिन म्हणजे गेट.) गेटला स्टॅटिक लागलं की आतला ऑक्साइड फुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून गेट शॉर्ट करून ठेवायचं असतं. भंगारवाल्याला एवढं कळतंय म्हणजे माल हातोड्यानं काढलेला नाही, स्क्रू खोलून काढलाय. मालक चाचा, वय साठीच्या पुढं, मी मीटर काढला तर म्हणले, "भाऊ, यहींच चेक करो, घर जाके बोलना नै." मला हेच पाहिजे होतं.

नंबर वाचता आला पाहिजे, नाहीतर क्रेटसमोर नुसतं उभं राहावं लागतं. सीएम३००डीवाय-२४एच म्हणजे मित्सुबिशीचा, ३०० ॲम्पिअर, डी म्हणजे दोन आयजीबीटी एकात, आणि २४ ला ५० नं गुणा, १२०० व्होल्ट. एफएफ३००आर१२ असं लिहिलं असेल तर इन्फिनिऑन, परत ३०० आणि १२००. फुजीचं टू-एमबीआय सुरू झालं की दोन एकात. सेमिक्रॉनच्या नंबरात जीबी आलं की हाफ ब्रिज. फुल ब्रिजला असे दोन लागतात, आणि शक्यतो एकाच नंबरचे, एकाच ड्राइव्हमधले घ्या, वय सारखं असतं.

आता हे पण ऐका, ३०० बघून लगेच खुश होऊ नका. ड्राइव्हमधले मॉड्यूल मोटार चालवायला बनवलेले असतात, तिथं स्विचिंग दोन-चार-आठ किलोहर्ट्झ. आयजीबीटी बंद होताना करंटची शेपटी उरते, गेट बंद केला तरी थोडा वेळ करंट वाहतच राहतो, आणि ती शेपटी प्रत्येक सायकलला उष्णता देते. २० किलोहर्ट्झला तोच मॉड्यूल मी ८०-१०० ॲम्पिअरचा धरतो, त्याच्या वर नाही. आपल्या ३ किलोवॉटला ब्रिजमधून दहा-बारा ॲम्पिअर जातात, म्हणजे तरीपण भरपूर झालं. मग १०० चाच का नाही घेतला? कारण भंगारात १०० आणि ३०० च्या भावात लई फरक नसतो, मला ३०० वाला बाराशेला एक पडला. नवा अधिकृत डीलरकडून घ्यायचा तर विचारूच नका. एक तोटा मात्र आहे, मोठ्या चिपचा गेट मोठा, त्याला दर वेळी जास्त चार्ज द्यावा लागतो, ड्रायव्हरला काम वाढतं. ते पुढं येतंच.

काउंटरवर मी जे चेक केलं ते सांगतो, कोणालाही जमेल. मीटर डायोडवर ठेवायचा. लाल प्रोब एमिटरला, काळा कलेक्टरला, आतल्या फ्रीव्हीलिंग डायोडचं ०.३-०.४ दिसलं पाहिजे, उलटं केलं की काहीच नाही. गेट ते एमिटर दोन्हीकडून ओपन. मग ९ व्होल्टची बॅटरी, प्लस गेटला, मायनस एमिटरला, क्षणभर टेकवून काढून घ्यायची. आता लाल कलेक्टरला लावला तर मीटर कंडक्शन दाखवतो, आणि बॅटरी काढली तरी दाखवतच राहतो, कारण गेट कपॅसिटरसारखा भरलेला आहे. इथं घाई करायची नाही, थांबायचं. चांगला मॉड्यूल मिनिटभर तसाच चालू राहतो. हळूहळू स्वतःहून बंद होत गेला तर गेट लीक आहे, बाजूला ठेवा. शेवटी चिमट्यानं गेट-एमिटर शॉर्ट केला की टप्प बंद. क्रेटमधले बरेचसे या टेस्टला उतरले, दोन-चार लीकवाले निघाले ते चाचांनी स्वतःच उचलून तांब्याच्या ढिगात टाकले, वाद नाही घातला.

मी सोबत ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) पण नेला होता, मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडं असतोच. गेट शॉर्ट ठेवून कलेक्टर-एमिटरला लावायचा, आणि मग सगळी टर्मिनल एकत्र करून खालच्या धातूच्या प्लेटला. हे दुसरं लोक विसरतात. ती प्लेट आतून सिरॅमिकनं वेगळी केलेली असते, सिरॅमिकला तडा गेला असेल तर हीटसिंकला हात लावणारा माणूस जाईल.

यात दिसण्यावर जाऊ नका. वाळलेली थर्मल पेस्ट, पिवळं पडलेलं लेबल, हे काही वाईट नाही. प्लास्टिकला चीर, टर्मिनलची आटी खाल्लेली, खालच्या प्लेटला ठोका, हे वाईट.

आता शून्य स्टारवाल्याची कथा. तोच नंबर, ऑनलाइन, 'ब्रँड न्यू ओरिजिनल', भंगारच्या तिप्पट भावात, चकचकीत लेबल, नवीन डबी, आत काळा फोम. डायोड टेस्ट पास, बॅटरी टेस्ट पास. पण हातात घेतल्यावर हलका लागला. मग कपॅसिटन्स मोजला. ही टेस्ट लई कामाची आहे आणि साध्या एलसीआर मीटरवर होते: कलेक्टर-एमिटर शॉर्ट करायचे आणि गेट ते एमिटर मोजायचं. चिप जेवढी मोठी तेवढा गेटचा कपॅसिटन्स जास्त. ३०० ॲम्पिअरच्या मॉड्यूलची डेटाशीट वीस नॅनोफॅरडच्या आसपास किंवा त्याच्या वरच सांगते, आणि आपल्या मीटरवर त्याहून थोडं जास्तच येतं, कारण डेटाशीटवाले कलेक्टरवर व्होल्टेज देऊन मोजतात. चाचांच्या जुन्या मॉड्यूलला तीसच्या पुढं आला. या नव्याला ९. वरचं झाकण उचकटलं तर आत पारदर्शक जेलखाली एवढ्याशा चिपा, आजूबाजूची सोल्डरची जागा रिकामी. वर ३०० छापलंय, आत ७५ चा माल असेल फार तर. विक्रेत्यानं उत्तर दिलं की मॉड्यूल उघडल्यावर रिटर्न बसत नाही. बसू दे. म्हणून सांगतो, नव्यापेक्षा वापरलेला घ्या असं मी म्हणतोय त्याचं कारण हे आहे: जुना माल निदान एखाद्या खऱ्या ड्राइव्हमध्ये वर्षानुवर्षं चाललेला आहे, त्याची परीक्षा आधीच झालीय.

ड्रायव्हर कार्ड. दोन चॅनलचं, ऑप्टोकपलर लावलेलं, '३०० ॲम्पिअरपर्यंत चालेल' असं लिहिलेलं. चालतं, खोटं नाही बोलत, पण गेटला फक्त ० आणि १५ व्होल्ट देतं. निगेटिव्ह नाही. छोट्या मॉसफेटला ते खपतं, इथं वांधा होतो. ब्रिजच्या एका पायातला वरचा आयजीबीटी चालू झाला की खालच्याच्या कलेक्टरवर व्होल्टेज एकदम चढतं, आणि कलेक्टर-गेटमधल्या कपॅसिटन्समधून खालच्या बंद गेटमध्ये करंट ढकलला जातो. स्कोपवर मी बघितलं, बंद असलेला गेट शून्यावरून ४ व्होल्टवर उसळी मारतोय. थ्रेशोल्ड (ज्या व्होल्टेजला गेट उघडायला लागतो ते) साडेपाचच्या आसपास, म्हणजे थंड असताना सुटला. पण गरम झाल्यावर थ्रेशोल्ड खाली येतो. म्हणजे टेबलवर सगळं छान आणि मे महिन्यात वर्कशॉपात दोन्ही एकदम चालू, डीसी बस (ब्रिजला डीसी देणारी प्लस-मायनस लाइन) शॉर्ट, फटाका. असल्या मॉड्यूलला शॉर्ट सर्किट सहन करायला साधारण १० मायक्रोसेकंद मिळतात, फ्यूज तोपर्यंत जागा पण होत नाही.

म्हणून ते कार्ड बाजूला ठेवलं आणि एचसीपीएल-३१२० या गेट चालवणाऱ्या चिपवर स्वतःचं बनवलं. चालू करायला प्लस १५, बंद ठेवायला मायनस ८. उडी झाली २३ व्होल्टची, गेटला १० ओहम लावला तर जास्तीत जास्त २.३ ॲम्पिअर, ३१२० ची मर्यादा २.५ आहे, बसतं. शिवाय प्लस-मायनस मिळून एकूण सप्लाय १२ च्या आसपास खाली आला तर तो स्वतःच गेट बंद करतो, अर्धवट उघडा गेट म्हणजे मॉड्यूल भाजून निघालाच. गेटला ३ मायक्रोकूलंब चार्ज धरला, २० किलोहर्ट्झ, २३ व्होल्ट, तर एका गेटला साधारण दीड वॉट लागतात, म्हणजे एक वॉटचे छोटे आयसोलेटेड सप्लाय मॉड्यूल इथं पुरत नाहीत. बरेच जण इथंच अडकतात आणि मग आयजीबीटीला शिव्या देतात. गेटपाशी १८ व्होल्टचे दोन झेनर पाठीला पाठ लावून, १० किलोओहम गेट-एमिटरला, आणि वायर पिळून, बोटाएवढ्या लांबीची. परत उडी मोजली तर मायनस ८ वरून मायनस ४ पर्यंत येते आणि खाली जाते. आता झोप लागते.

सिग्नलला आपला ३५२५ (पल्स बनवणारी आयसी), इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या डब्यात असतोच. पिन ५ आणि ७ मधल्या रेझिस्टरनं डेड टाइम (एक आयजीबीटी बंद झाल्यावर दुसरा चालू करण्याआधीचा थांबा) वाढतो, मी अडीच मायक्रोसेकंद ठेवला. मोठ्या आयजीबीटीला अर्ध्या मायक्रोसेकंदाचा डेड टाइम ठेवणारे धाडसी लोक आहेत, त्यांना नमस्कार.

बसबारकडं लोक दुर्लक्ष करतात म्हणून थोडं जास्त लिहितो. कपॅसिटरपासून मॉड्यूलपर्यंत वायरनं आणलं तर दहा सेंटिमीटर वायरीचा इंडक्टन्स साधारण १०० नॅनोहेन्री धरा. करंट १००० ॲम्पिअर पर मायक्रोसेकंदच्या वेगानं तुटला तर त्या दहा सेंटिमीटरवर १०० व्होल्ट उभे राहतात, ते बसच्या वर. मी तांब्याचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवले, मध्ये मोटारीच्या स्लॉटमध्ये घालतो तो इन्सुलेशन पेपर, कडेनं दोन बोटं बाहेर काढलेला. प्लस वरून, मायनस खालून, दोन्ही करंट उलट दिशेनं जवळून गेले की फील्ड एकमेकांना खातात. मॉड्यूलच्या टर्मिनलवरच १ मायक्रोफॅरड १२०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर स्क्रूनं, हाच स्नबर, व्होल्टेजची उसळी शोषणारा. तो पत्रा पण चाचांकडचाच, वजनावर.

टेस्टिंग. पहिल्यांदा पॉवर देताना सिरीज बोर्ड, १०० वॉटचा पिवळा बल्ब, एलईडी नाही. कपॅसिटर भरताना बल्ब भडकतो आणि विझतो. नंतर गेट सिग्नल दिल्यावर बल्ब परत पेटला तर दोन्ही आयजीबीटी एकदम उघडतायत, तिथंच थांबा. आमचा नाही पेटला. मग डिमरस्टॅटनं (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरनं) हळूहळू वर.

खरी परीक्षा म्हणजे डबल पल्स. वरच्या आयजीबीटीचा गेट बंद, त्याच्या दोन टोकांना हवेतली १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, आणि खालच्याला ३० मायक्रोसेकंदाची एक पल्स. ३२५ गुणिले ३० भागिले १००, करंट चढतो ९७ ॲम्पिअरपर्यंत. वीज फक्त कपॅसिटरमधून एका क्षणाची, त्यामुळं काही गरम होत नाही, पण मॉड्यूलला वाटतं आपण शंभर ॲम्पिअर तोडतोय. बंद होताना व्होल्टेज किती उसळतं ते बघायचं. वायरीनं जोडलेलं असताना ४८० पर्यंत टोक गेलं, पत्रे आणि स्नबर लावल्यावर ३७० च्या आत. १२०० च्या मॉड्यूलला दोन्ही चालेल असं कोणी म्हणेल, पण ५८७ च्या बसवर तेच गणित वेगळं निघतं. दुसऱ्या छोट्या पल्सला वरच्या डायोडचं रिकव्हरीचं टोक दिसतं, ते पण दोन्ही मॉड्यूलचं सारखं आलं. जुन्या मालाचं एवढं सारखं येणं, मला तरी अपेक्षा नव्हती.

स्कोपबद्दल एक सूचना. ब्रिजला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घ्या, स्कोपची अर्थिंगची पिन तोडून नाही. आणि ग्राउंड क्लिप वरच्या एमिटरला लावायचा विचार पण करू नका, तिथं डिफरेन्शियल प्रोबच.

लोडवर आता. कॉइल एसीवाल्यांकडच्या तांब्याच्या नळीची, टँकचे (कॉइलसोबत रेझोनन्स करणारे) कपॅसिटर जुन्या इंडक्शन शेगड्यांमधले ०.३३ मायक्रोफॅरडवाले, पुष्कळ, पॅरलल. ब्रिज आणि कॉइलच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला सिरीजमध्ये एक डीसी ब्लॉकिंग कपॅसिटर, नाहीतर कोअर एका बाजूला सरकत सरकत सॅच्युरेट होतो. पाणी टाकीतून फिरवून परत टाकीत, आमच्याकडं नळ रोज येत नाही, वाहतं पाणी कोण सोडणार. कूलरचा पंप इथं चालत नाही, बारीक नळीत दाब लागतो.

पास कॉइलमध्ये घातली की आधी काही होत नाही असं वाटतं, मग कडेला निळसर छटा, मग गडद लाल रेघ धारेवरून आत सरकते. ७७० डिग्रीच्या आसपास लोखंड चुंबकाला सोडतं, तिथं कॉइलचा इंडक्टन्स पडतो, रेझोनन्स वर पळतो, आणि ॲमीटरचा काटा एकदम खाली येतो. म्हणून फ्रिक्वेन्सीनं मागं धावायला ४०४६ चा पीएलएल लावलाय, ३५२५ ला तो ढकलतो. अवजारवाले म्हणले की धारेपुरतंच तापतं, मागचा भाग काळाच राहतो, कोळशात तसं होत नाही. बाहेर ४२ डिग्री असताना हीटसिंक ६५ च्या आसपास थांबतो, वर ७५ चा थर्मल स्विच आहे, अजून उडाला नाही.

एक धोक्याचं. बसवर २२०० मायक्रोफॅरड आहेत, ३२५ व्होल्टला ११६ ज्यूल. दोन टर्मिनलमध्ये हात सापडला तर घरचा ईएलसीबी काही करणार नाही, कारण त्याला अर्थकडं जाणारा करंटच दिसत नाही. ४७ किलोओहम ५ वॉटचा ब्लीडर कायमचा लावलाय, तरी पाच-दहा मिनिटं थांबून मीटर लावल्याशिवाय हात घालायचा नाही. पोरांना टेबलजवळ येऊ द्यायचं नाही.

अर्धा स्टार का कापला? बिल देत नाहीत, आणि वॉरंटी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत. कार्ड, यूपीआय दोन्ही चालतं पण रोख दिली तर चाचा काहीतरी कमी करतात. जाताना मीटर, ९ व्होल्टची बॅटरी, चिमटा आणि जमलं तर एलसीआर मीटर घेऊन जा, मेगर त्यांच्याकडं पण आहे, मागितला की देतात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. सध्या क्रेटमध्ये १५० आणि ३०० चे भरपूर होते, ६०० ॲम्पिअरवाले मात्र आले की वेल्डिंग मशीनवाले दोन दिवसांत उचलून नेतात.